चेंडूची खुराकी

मळेवाल्यांच्या फुटबॉल क्लबावर जुर्माना बसला, त्या दिवशी आमच्या पेठेत गूळ वाटला. वाटणारे माझे सासरे. गूळ आमच्याच दुकानातला. पेठेतल्या झाडून सगळ्यांच्या हातावर खडा ठेवून झाल्यावर ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि म्हणाले, "सूनबाई, तू बी तोंड गोड कर." मी मळ्याची लेक, आणि ज्या क्लबाची अशी फजिती झाली होती त्याचा गोलकीपर माझा सख्खा भाऊ. मी खडा घेतला, पाठ वळवली आणि चुलीत टाकला. त्याचा असा काही धूर झाला की डोळ्यांतून पाणी माझ्याच आलं.

आमचं गाव बीडकडून चौसाळ्याला जाताना रस्त्यापासून थोडं आत. मधून नदी जाते. अलीकडं पेठ, म्हणजे दुकानं, चावडी आणि महादेवाचं देऊळ. पलीकडं मळे आणि मळ्यांत राहणारी माणसं. माझं सासर अलीकडं, माहेर पलीकडं. दोन्ही घरांत सोमवार पाळायचे, दोन्ही घरांत गळ्यात लिंग, तेव्हा सोयरीक जमायला काही अडचण आली नाही. परसात उभी राहिले तर मला माझ्या मायच्या चुलीचा धूर दिसायचा. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि माहेर मी जास्त करून असं धुरावरूनच बघितलं होतं, कारण दोन घरांच्या मध्ये नदीपेक्षा फुटबॉल जास्त आडवा आला होता.

हा खेळ आमच्याकडं आणला तो मळ्यातल्याच एकानं. तो हैदराबादेत फौजेत होता. नोकरी संपवून परत आला तेव्हा दुसऱ्या कोणी बायकोला लुगडं आणलं असतं, यानं ट्रंकेत घालून चामड्याचा चेंडू आणला. मळ्यात क्लब निघाला, आणि मळ्यात निघाला म्हणून पेठेतही निघाला. खेळायचे थोडे, भांडायचं सगळं गाव. सासऱ्यांनी चेंडूला कधी पाय लावला नाही. पण मैदानाच्या कडेला उभं राहून मळेवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा म्हटलं, तर पेठेत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांचा आवाजच तसा होता. दुकानात तेलाचा भाव सांगितला तरी वेशीवर ऐकू जायचा.

जुर्माना का बसला तेही सांगते. चेंडूच्या चामड्याच्या आत एक रबरी पिशवी असते, तिच्यात हवा भरतात. मळेवाल्यांची पिशवी जुनी झाली होती. नवी आणायची म्हणून त्यांनी एका सामन्याला मैदानाभोवती दोर बांधला आणि आत येणाऱ्याकडून पैसा घ्यायला सुरुवात केली. दोराशी माझा भाऊ उभा होता. साधी टोपी घातलेला एक परका माणूस आला, तसा भावानं त्याच्यापुढंही हात केला. तो म्हणाला, "मी तहसीलदारसाहेबांचा मेहुणा हाय." भाऊ म्हणाला, "मंग तर तुमाला एक पैसा जड न्हाई." उत्तरात वावगं काही नव्हतं, पण ते तहसीलदारांच्या घरापर्यंत गेलं. थोड्याच दिवसांत हुकूम आला. सरकारी जमिनीवर इजाजत न घेता वसुली केली म्हणून क्लबाला जुर्माना, आणि तो भरेपर्यंत मैदान बंद, मालमत्ता जप्त.

मालमत्ता म्हणजे चेंडू, तो दोर आणि पत्र्याची एक शिट्टी. गोलाचे बांबू मात्र सोडून दिले. ते सरकारी जमिनीत रोवलेले असल्यामुळं आधीपासून सरकारचेच आहेत, असं अमीनसाहेब म्हणाले. अमीन म्हणजे जप्ती करायला येणारा तहसिलीचा माणूस. आमचे अमीन अंगानं जाड, स्वभावानं गरीब आणि जेवणाच्या वेळेला फार जपणारे होते.

पेठेत हलगी वाजली. सरकारनं मळेवाल्यांची कशी जिरवली याची चर्चा देवळाच्या पायऱ्यांवर भरात आली, आणि मग जो तो सांगायला लागला की तहसिलीत खबर मीच दिली. खरं म्हणजे कोणीच दिली नव्हती, त्या मेहुण्याला तोंड होतं. पण सासरे मागं कसे राहतील? ते सगळ्यांत मोठ्यानं म्हणाले, "म्यां सोता बीडला गेलतो आन सांगून आलो!" ते त्या महिन्यात मांजरसुंब्याच्या पुढंही गेले नव्हते. आवाज मात्र नदीपलीकडं गेला.

जप्तीची वस्तू मालकाकडं ठेवायची नसते. गावातल्या एखाद्या पत असलेल्या, परक्या बाजूच्या माणसाच्या हवाली करायची असते, आणि त्यानं ती जशीच्या तशी परत द्यायची असते. अमीननं चावडीसमोर विचारलं, कोण ठेवून घेतो? सासरे छाती काढून पुढं झाले. असा माझ्या माहेरचा चेंडू माझ्या सासरी आला. संध्याकाळी नदीवर पाणी भरताना बायकांनी मला सांगितलं की तिकडं माझ्या भावानं सगळ्यांसमोर शपथ घेतली आहे: "ज्या घरात आमचा चेंडू कैदेत हाय, त्या घराचा उंबरा मी वलांडनार न्हाई."

मला पहिल्यांदा हसू आलं. मग घागर डोक्यावर घेतली आणि लक्षात आलं की पंचमी तोंडावर आली आहे.

आमच्याकडं पंचमीला लेकी माहेरी जातात, झोके खेळतात. पण लेक आपण होऊन जात नाही. माहेराहून कोणीतरी न्यायला यावं लागतं, त्याला मुराळी म्हणतात. माझा मुराळी म्हणजे माझा भाऊ, दुसरं कोणी नव्हतंच. मागच्या दोन पंचम्यांना सामन्यावरून भांडणं झाली आणि तो आला नाही. या वर्षी मायनं निरोपावर निरोप पाठवले होते, कारण तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ती म्हणायची, आता पोरीला बघितलं तर बघितलं, पुढच्या वर्षी नुसता आवाज ऐकायचा. आणि इकडं तो शपथ घेऊन बसला होता. मला दोन्हीकडच्या पुरुषांचा असा राग आला की त्या दिवशीच्या भाकरी मी थापल्या का बडवल्या ते सांगता येत नाही.

पेठवाल्यांचा आनंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओसरला. आमचे खेळाडू मोठ्या रुबाबात नदीकाठच्या पडीक रानात खेळायला गेले, धोतरं खोचली, उभे राहिले आणि एकमेकांकडं बघत बसले. चेंडू कुठाय? पेठेचा स्वतःचा चेंडू केव्हाच बाभळीच्या काट्यावर बसून फाटला होता. तेव्हापासून सगळे सामने मळेवाल्यांच्या चेंडूवर होत आले होते आणि यात काही चमत्कारिक आहे असं कोणालाही वाटलं नव्हतं. ज्याच्या जप्तीचा गूळ खाल्ला, तो गावातला एकुलता एक चेंडू होता. सगळे आमच्या ओट्यावर आले. सासरे म्हणाले, "सरकारी जप्तीचा माल हाय. हात लावाल तर बोटं मोडीन." आमचे हे त्या क्लबाचे फॉरवर्ड. तेही बापाकडं आशेनं बघत उभे होते, त्यांनाही तेच उत्तर मिळालं.

सासरे असे कडक झाले त्याला कारण होतं. अमीनसाहेबांचा जन्म बैल जप्त करण्यात गेला होता. चेंडू त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच जप्त केला. पण हवाली करताना बैलाला म्हणायचं ते सगळं त्यांनी पाठ म्हटल्यासारखं चेंडूलाही म्हणून टाकलं. "देखो शेठ, चारा-पानी टायमावर घाला. सावलीत बांधा. मालक बघायला आला तर आडवू नका. सुकला तर तुमच्याकडून भरून घिऊ." कोणीच हसलं नाही. जप्तीचं जनावर कसं सांभाळायचं हे गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि जप्ती म्हटल्यावर तोच कायदा. सासऱ्यांनी मान डोलावली, चेंडू दोन्ही हातांवर घेतला आणि घरी येऊन म्हणाले, "ह्याला सावलीत ठेवा."

सावलीची जागा म्हणजे स्वयंपाकघर. उंदरांनी चामडं कुरतडू नये म्हणून तो तुपाच्या गाडग्याशेजारी शिंक्यात गेला. मी भाकरी करताना तो माझ्या डोक्यावर लोंबकळत असे. पिशवी जुनीच, त्यामुळं दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी दाबून बघितला तर मऊ. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, हे तर सुकायलंय!" त्यांनी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना हाक मारली. आत्याबाई म्हणाल्या, "मंग कडबा टाका त्याच्यापुढं."

चेंडूचा चारा म्हणजे हवा, एवढं तर उघड होतं. चेंडूच्या तोंडाची वादी सोडली, पिशवीची नळी बाहेर काढली आणि सासरे फुंकायला बसले. ज्यांचा आवाज नदीपलीकडं जातो त्यांच्या छातीत दम असेल असं सगळ्यांना वाटलं. डोळे बाहेर आले, पगडी मागं सरकली, आणि चेंडू होता तसाच. मग आमचे हे बसले. त्यांनी अर्धा भरला आणि नळी बांधायच्या आत सगळी हवा त्यांच्याच तोंडावर आली. लोहाराचा भाता आणायची गोष्ट निघाली, पण भात्याच्या जोरानं पिशवी फुटली तर? मी इतका वेळ चुलीपाशी बसून हा तमाशा बघत होते. आषाढातल्या ओल्या गोवऱ्या, घरात एवढी माणसं, दोन वेळचा स्वयंपाक. फुंकण्याचं काम या घरात कोण करतं, हे त्यांच्यातल्या एकाच्याही डोक्यात येईना. शेवटी मी उठले, चेंडू ओढून घेतला, पिशवीची नळी माझ्या लोखंडी फुंकणीच्या टोकावर चढवली आणि फुंकर घातली. पोट आत घेऊन, गाल न फुगवता. मायनं मला लहानपणी शिकवलं होतं तसं. थोड्या वेळात चेंडू टम्म झाला. नळी चिमटीत धरून दोऱ्यानं बांधली, आत सारली, वादी आवळली आणि चेंडू शिंक्यात ठेवला. सासरे म्हणाले, "सांजच्याला बी घालावं लागंल."

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ चेंडूला चारा घालणं माझ्याकडं आलं.

मालकानं जनावर बघायला यायचा रिवाज असतो, त्यामुळं मळेवालेही एक दिवसाआड यायला लागले. भाऊ यायचा नाही, त्याच्या क्लबातले दोघं यायचे. अंगणात उभे राहायचे. सासरे शिंक्यातून चेंडू काढून त्यांच्यापुढं धरायचे. ते दोन्ही अंगठ्यांनी दाबायचे, कानाशी लावायचे, एकमेकांकडं बघायचे आणि मुद्दाम म्हणायचे, "वाईच सुकलाय, का रं?" की सासऱ्यांचा जीव टांगणीला. एकदा तर त्यांनी त्या दोघांना चहा पाजला. चहा तेव्हा आमच्या घरात पाहुण्यालाही मिळत नसे.

त्या दोघांना माझ्याशी बोलायचं असे, पण सासऱ्यांसमोर परक्या घरच्या सुनेशी बोलणार कसं? मग ते चेंडूशी बोलायचे. "काय बे, बरा हायेस ना? मायला डोळ्यांनी लई कमी दिसतंय म्हनून सांग. पंचमीला तिनं लिंबाला झोका बांधून घेतलाय म्हनून सांग." मी दारामागून भांडी घासत म्हणायची, "चेंडूबाबा, दादा कावून येत न्हाई म्हनून इचारा." ते चेंडूला म्हणायचे, "त्यानं शपत घेतलीय बे, तो आईकत न्हाई." सासरे मधे चेंडू धरून उभे, आणि दोन्हीकडून त्याच्याशी बोलणी चाललेली. त्यांना सगळं कळत होतं. त्यांनी एकदाही अडवलं नाही, हे मला आता आठवतं.

खरं तर तेही कंटाळले होते. मैदान बंद, सामना नाही, शिव्या द्यायला समोर कोणी नाही. हलगी वाजवणारे सगळे आता संध्याकाळी आमच्या ओट्यावर सुतक असल्यासारखे बसायचे. "मळेवाल्यांचा गोलकीपर गाढव हाय" असं कोणी म्हटलं तरी त्यात पहिली मजा राहिली नव्हती, कारण ऐकून चिडणारा कोणी नव्हता. सासऱ्यांना चेंडूचाच लळा लागला. ते दुकानातून जेवायला आले की आधी शिंक्याकडं बघत. सर्द हवेचा दिवस असला तर त्याच्यावर आपलं उपरणं टाकत. आत्याबाई हे सगळं बघत असत. माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि त्या घरात पाळणा हलला नव्हता. त्या एकदा नुसतं म्हणाल्या, "उपरनं कुनावर टाकायचं, अन् टाकतायत कुनावर." त्यांनी ते टोचून म्हटलं नव्हतं, पण मला टोचलं. त्या दिवशी मी चेंडूत जरा जास्तच जोरानं फुंकलं.

पंचमी चार-पाच दिवसांवर आली तेव्हा अमीनसाहेब जनावर तपासायला आले. चावडीसमोर दोन्हीकडची माणसं जमली. देवळाच्या पायऱ्यांवर आम्ही बायका. पलीकडच्या घोळक्यात माझा भाऊ होता. वर्षभरात मी त्याला इतक्या जवळून पाहिलं नव्हतं, आणि तो माझ्याकडं न बघता नंदीकडं बघत होता. अमीननं चेंडू दाबला, जमिनीवर आपटला, तो त्यांच्या पोटाइतका उंच उडाला. "ठीक हाय," ते म्हणाले आणि निघायला लागले.

"ठैरा की," सासरे म्हणाले. "खुराकी?"

जप्तीच्या बैलाला जो चारा घालतो त्याला सरकारातून चाऱ्याचा खर्च मिळतो, तिला खुराकी म्हणतात. सासरे दुकानदार. सरकारच्या बैलाला फुकट पोसणारे नव्हेत.

अमीनसाहेब थांबले. "खुराकी? शेठ, ये तो हवा हाय."

"तुमीच म्हनलात, चारा-पानी टायमावर घाला. समद्यांनी आईकलंय. घातला. दोन टायम."

सगळ्यांनी खरंच ऐकलं होतं. पेठवालेही हो म्हणाले, मळेवालेही हो म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं. अमीनसाहेबांनी घाम पुसला. मग त्यांना एक वाट सुचली. "घातला कुनी? ज्यानं घातला त्याला खुराकी."

सासऱ्यांची पंचाईत झाली. पेठेसमोर आणि मळेवाल्यांसमोर, आपल्याला फुंकता आलं नाही हे सांगायचं होतं. ते पगडी सारखी करत म्हणाले, "माझ्या सुनंनं."

"सून कुनाची लेक?"

"ती... मळ्याची."

अमीनसाहेबांचा चेहरा उजळला. "मंग मालकाच्याच मान्सानं मालकाच्या जनावराला घातला. खुराकी कायकी?"

"मालकाचं मानूस?" सासऱ्यांचा तो नेहमीचा आवाज परत आला. "ती माझ्या घरची हाय! माझ्या घरचं खाती, माझ्या घरची फुंकनी, फुक बी माझ्या घरची!"

तेवढ्यात पलीकडून माझा भाऊ पुढं आला. नंदीकडं बघायचं विसरला. "भईन आमची हाय! फुंकायला आमच्या मायनं शिकिवलंय तिला. फुक आमची!"

आणि मग जे भांडण लागलं! इतक्या दिवसांचा उपास दोन्ही बाजूंनी एका दमात सोडला. पेठ म्हणे सून आमची, मळा म्हणे लेक आमची. गोलकीपर गाढव आणि फॉरवर्ड लंगडा हेही निघालं. सगळ्यांचे चेहरे कसे फुलले होते! मी पायरीवर उभी राहून ऐकत होते. इतके जण माझ्यावर हक्क सांगत होते, आणि मला पंचमीला माहेरी न्यायला त्यातला एकही तयार नव्हता. माझं डोकं फिरलं. मी पदर पुढं ओढला, खाली उतरले आणि अमीनसाहेबांच्या समोर जाऊन उभी राहिले. भांडण आपोआप थांबलं.

"साहेब," मी म्हणाले, "सकाळची फुक सासरची, सांजची माहेरची. तुमी वाटून घ्या. पन आजपासून मी फुंकनार न्हाई. पंचमीला मला मुराळी येत न्हाई, माझी माय तिकडं वाट बघून सुकायली. तसा हा बी सुकू द्या."

माझा आवाज शेवटी फाटला. त्याची मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

सासरे चेंडूकडं बघत होते. उद्या हा मऊ पडला तर भरून द्यायचा त्यांना होता. भाऊ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. अमीनसाहेबांची जेवणाची वेळ होत आली होती. त्यांनी एकदा माझ्याकडं, एकदा सूर्याकडं बघितलं आणि हुकूम दिला, "हे बघा. हिला माहेरी जाऊ द्या. जिथं चारा घालनारी, तिथं जनावर. जिथं जनावर, तिथं सुपुर्ददार. खुराकी कुनालाच न्हाई. चला." सुपुर्ददार म्हणजे ज्याच्या हवाली केलं तो. म्हणजे माझे सासरे.

गावाला उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. मी माहेरी, माझ्याबरोबर चेंडू, आणि चेंडूबरोबर पंचमीचे सगळे दिवस सासरे मळेवाल्यांच्या घरी. पेठेतल्या एकानं डोक्याला हात लावला.

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी दारात बैलगाडी उभी राहिली. भाऊ खाली उतरला आणि उंबऱ्याबाहेर थांबला. शपथ होती ना. मी बोचकं घेऊन आत उभी. मुराळ्यानं घरात येऊन पाणी प्यायल्याशिवाय सुनेला पाठवायची नाही, असा आत्याबाईंचा हट्ट. तो आत येईना, त्या पाठवेनात. मी मनात म्हटलं, झालं, आता ही तिसरी पंचमीही अशीच जाणार.

सासरे आतून आले. अंगात नवा सदरा, हातात चेंडू, त्यावर उपरणं. कोणाशी न बोलता ते उंबरा ओलांडून बाहेर गेले, गाडीत चढले आणि चेंडू मांडीवर घेऊन बसले. मग वरूनच माझ्या भावाला म्हणाले, "आता चेंडू घरात न्हाई. जा, पानी पी." तो जागचा हलला नाही, तेव्हा जरा खालच्या आवाजात म्हणाले, "आन ते तहसिलीचं... मी काय कळवलं न्हाई बे. उगं बोललो."

भाऊ आत आला. माझ्या सासरच्या ओसरीवर बसला. मी तांब्या दिला, त्यानं एका दमात रिकामा केला. तो परत देत म्हणाला, "चांगला भरतीस की." मी म्हटलं, "चल आता, ऊन होतंय."

जुर्माना पुढं सुगीत मूग निघाल्यावर मळेवाल्यांनी भरला आणि मैदानही उघडलं. त्याचं मला फारसं काही नाही. मला आठवतो तो नदी उतरून गेलेल्या गाडीचा रस्ता, आणि अंगणात एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा घेऊन उभी असलेली माय. लेक आली की दारातच तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, दृष्ट लागली असेल तर जावी म्हणून. मायनं माझ्यावरून ओवाळला, तोंडावरून हात फिरवला. मग तिनं डोळे बारीक करून गाडीकडं बघितलं. सासरे अजून गाडीतच होते, मांडीवर उपरण्यात झाकलेलं गोल काहीतरी दोन्ही हातांनी सांभाळत.

"माय गं," ती म्हणाली, "आन मला कुनी सांगितलं बी न्हाई!" आणि पदरातून दुसरा तुकडा काढून ती गाडीशी गेली आणि त्या उपरण्यावरून ओवाळायला लागली.

भाऊ बैलांच्या जुंपणीत काहीतरी शोधायला लागला. मला वाटलं, धरणीनं आता पोटात घ्यावं. जिला लेकरू नाही तिच्या आईनं चेंडूवरून भाकर ओवाळावी, आणि तेही सासऱ्यासमोर.

सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलं. मग मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात ते म्हणाले, "ववाळा, इहीनबाई. तुमच्या लेकीच्याच जीवावर जगलंय ते."

मायचा हात उपरण्याखाली गेला. चामड्यावर थांबला. तिला कळलं. तिनं तुकडा मात्र खाली केला नाही, ओवाळणं पुरं केलं आणि तो दूर फेकून दिला. मग मळ्यातल्या त्या दोघांसारखे दोन्ही अंगठे लावून चेंडू दाबला आणि म्हणाली, "टम्म हाय की." ती हसायला लागली, सासरे हसले, भाऊ बैलांच्या आडून हसला, आणि मी मायच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडून घेतलं. पुढं मला मुलं झाली, त्यांच्यावरूनही मायनं चाचपत चाचपत तुकडे ओवाळले. पण पहिला मान त्या चेंडूचा.

संध्याकाळी लिंबाखाली बायका जमल्या, झोका रिकामाच होता. सासरे चेंडू घेऊन आत आले आणि दाबून म्हणाले, "वाईच मऊ लागायलाय." मी माझी फुंकणी सासरीच विसरून आले होते. मायनं चुलीशी हात फिरवून तिची काळी पडलेली जुनी फुंकणी काढली. मी तिच्यावरच फुंकायला शिकले होते. "घे," ती म्हणाली, "त्याला आधी चारा घाल, मंग झोक्यावर जा."